पेट्रोल जास्त लागतंय? ड्रायव्हरवर संशय घेण्याआधी वही काढा



डिलिव्हरीचा खर्च कसा काढायचा, ते या आठवड्याच्या व्हिडिओत आपण बघितलं. त्यात एक गोष्ट सांगायची राहिली. खरं सांगायचं तर मीच टाळली, कारण ती माझ्या चुकीची आहे.

माझं सांगलीत पॅकिंग मटेरियलचं दुकान आहे. मिरज, तासगाव, कवठेमहांकाळ या बाजूला माल पोचवायला एक जुनी पेट्रोल व्हॅन आहे. ती चालवणाऱ्यांना दुकानात सगळे मामा म्हणतात. गेल्या पावसाळ्यात पंपाची बिलं वाढलेली दिसली. गाडी तीच, रस्ते तेच. मी सरळ समजून चाललो, की मामा पेट्रोल काढून विकतायत. चार लोकांसमोर तसं विचारलंही. मामा एवढंच म्हणाले, "मालक, एकदा तुम्हीच चालवून बघा." दुसऱ्या दिवशी ते कामावर आले नाहीत.

मी बीबीए केलंय, कॉस्टिंग इतरांना शिकवतो, आणि माझ्याच गाडीच्या किलोमीटरची नोंद माझ्याकडे नव्हती! तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: ज्या मालकाकडे गाडीची वही नाही, त्याने ड्रायव्हरवर संशयही घेऊ नये आणि मेकॅनिकला पैसेही देऊ नयेत. आधी मोजावं.

मोजायचं कसं? पंपाचं नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईल तिथपर्यंत टाकी भरा. मीटरचं रीडिंग लिहा. निदान दोन-तीनशे किलोमीटर गाडी चालवा. मग त्याच पंपावर, पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरा. चाललेले किलोमीटर भागिले आत्ता भरलेले लिटर, हे तुमचं ॲव्हरेज. एका टाकीवर विश्वास ठेवू नका, तीन वेळा करा.

मी स्वतः तीन टाक्या चालवली. लिटरला १२ च्या आसपास. म्हणजे माझ्या हातातही गाडी तेवढंच पीत होती. मग जुनी सर्व्हिसिंगची जॉबकार्डं काढली, त्यावर किलोमीटर लिहिलेले असतात. दोन सर्व्हिसिंगच्या मधली पंपाची बिलं जोडली, तर पूर्वीचं ॲव्हरेज निघालं १५.

आता हिशोब बघा. महिन्याला १५०० किलोमीटर. १५ ने १०० लिटर लागतं, १२ ने १२५. लिटरला १०५ रुपये धरले तर जादा २५ लिटरचे २,६२५ रुपये, वर्षाचे ३१,५००. तुमच्या हातात १० टक्के राहत असतील, तर हे भरून काढायला ३ लाख १५ हजारांचा जादा माल विकायला लागेल.

कारण शोधताना फुकटापासून सुरू करा. टायर थंड असताना हवा तपासा. किती हवी ते बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतं. गाडीत उगाच फिरणारा माल आणि रिकामा कॅरिअर उतरवा. फेरी संपल्यावर हात चाकाजवळ न्या, पण रिमला लावू नका. एकच चाक जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक चिकटतोय. माल उतरवताना इंजिन बंद करा. वेगाचं म्हणाल तर ताशी ४५ ते ५५ किलोमीटर ठेवा, पीसीआरए ही केंद्र सरकारची इंधन बचतीची संस्थाही हेच सांगते.

एअर फिल्टरबद्दल मात्र एक गैरसमज आहे. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत तो तुंबला की पेट्रोल जास्त जायचं. इंजेक्शनच्या गाडीत कॉम्प्युटर हवेच्या मापानेच पेट्रोल सोडतो, त्यामुळे तिथे मुख्यतः पिकअप मार खातो. फिल्टर जरूर बदला, पण तेवढ्याने ॲव्हरेज परत येईल असं समजू नका.

एवढं करूनही फरक पडला नाही, तर स्कॅनर लावायला सांगा. आमच्या गाडीत हवा थोडी कमी होती, पण खरं दुखणं स्कॅनरवर दिसलं. तासभर चालूनही इंजिनचं पाणी ६० अंशांच्या वर जात नव्हतं. साधारण ८० ते ९५ असायला हवं. उन्हाळ्यात गाडी गरम होत होती, तेव्हा एका मेकॅनिकने थर्मोस्टॅट वॉल्व्हच काढून टाकला होता. इंजिन थंड आहे म्हटल्यावर कॉम्प्युटर जादा पेट्रोल सोडतच राहतो. मूळ दोष रेडिएटरच्या पंख्याच्या वायरिंगमध्ये होता. वायरिंग आणि नवा वॉल्व्ह मिळून खर्च दोन हजारांच्या आत. पुढच्या तीन टाक्यांत ॲव्हरेज साडेचौदाच्या वर आलं.

आणि हो, तो वॉल्व्ह काढायला "गाडी गरम होऊ देऊ नका, काहीही करा" म्हणून मीच सांगितलं होतं.

मामांच्या घरी जाऊन माफी मागितली. ते म्हणाले, "तिथे विचारलंत ना, तिथेच सांगा." बरोबर होतं त्यांचं. दुकानात त्याच चौघांसमोर पुन्हा मागितली. आता गाडीची वही मामांकडेच असते, आणि ॲव्हरेज अर्ध्या किलोमीटरने घसरलं तरी माझ्याआधी त्यांना कळतं.

तुमच्याकडे टेम्पो असो, व्हॅन असो की घरचीच कार, चोरी होतच नाही असं मी म्हणत नाही. होत असेल तर तीही वहीतच दिसेल. बिघाड दुरुस्त करायला मला दोन हजार लागले. चारचौघांत बोललेला शब्द मागे घेणं त्याहून महाग पडलं. तेव्हा आज दुकान बंद करताना एक काम करा: मीटरचं रीडिंग लिहून ठेवा.