जागा मिळाली, पुढे काय?

१९९५ च्या अपंग कायद्याच्या यादीत स्वमग्नता नव्हती. २०१६ च्या कायद्याने ती आली. सरकारी व अनुदानित महाविद्यालयांत किमान ४० टक्के अपंगत्व असणाऱ्यांसाठी किमान ५ टक्के जागाही राखल्या गेल्या. पण प्रवेश मिळाला म्हणजे शिक्षण मिळाले, असे नव्हे.

सुरतेतल्या मराठी शाळेतून कॉलेजात आल्यावर गुजराती-इंग्रजीच्या गलबल्यात मीही बावरलो होतो. मित्रांनी सांभाळून घेतले. स्वमग्न विद्यार्थ्याला पुष्कळदा गोंगाट आणि अचानक बदललेला वर्ग सोसत नाही, आणि मैत्री जोडणेही अवघड जाते. त्याला दया नको. सत्रापूर्वी कॉलेज पाहू द्यावे, ग्रंथालयात शांत कोपरा द्यावा, बदल आदल्या दिवशी लिहून कळवावा. खर्च तो किती? फळ्यावर खडूच्या दोन ओळी! मात्र त्या वेळेवर लिहिल्या पाहिजेत.