घोडं कुठे पेंड खातंय?

शुक्रवारी रात्री पुण्याहून ट्रॅव्हल्स पकडायची, सकाळी चिखली, मेहकर नाहीतर खामगावला उतरायचं. चहाचा कप खाली ठेवायच्या आत बाबांची फर्माइश येते, ‘‘पाह्य बरं थोडं, हे महिन्याभरापासून नुसतं फिरूनच राह्यलं!’’ ऑफिसात तुम्ही अकाउंट्समध्ये असा नाहीतर एचआरमध्ये, बुलढाणा जिल्ह्यातल्या घरी तुम्ही आयटीवालेच. आणि ‘हे’ म्हणजे कोपऱ्यातला पीसी. स्क्रीनवर विंडोज अपडेट, शून्य टक्के.

‘चालतोय ना, मग जाऊ द्या,’ असं म्हणायचा मोह होतो. पण बाबा पेन्शन आणि एफडी त्याच पीसीवर बघतात. २०१७ आठवा. मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला विंडोजमधलं एक भगदाड बुजवणारं अपडेट दिलं. १२ मे रोजी वॉनाक्राय आला आणि दीडशेच्या आसपास देशांत घुसला. ज्या मशिन्सवर ते अपडेट पोचलं नव्हतं, तीच त्याने गाठली. दोन महिने हातात होते, पण ‘बघू नंतर’मध्ये गेले. तेव्हा या वीकएंडला बसाच. फक्त क्रम पाळा.

आधी घड्याळ बघा. हसू नका! पीसी जुना असेल, रोज बटणापासून बंद होत असेल, तर मदरबोर्डवरचा चपटा सेल संपलेला असतो. मग वीज गेली की तारीख थेट मागच्या दशकात. अपडेटचा सर्व्हर आपली ओळख सर्टिफिकेटने पटवतो आणि तारीखच चुकली की पीसीला ते सर्टिफिकेट खोटं वाटतं. डाउनलोड तिथेच ठप्प. सेलचा नंबर बहुतेक वेळा सीआर २०३२, घड्याळवाल्याकडेही मिळतो. प्लग काढून बदला, तारीख लावा.

मग जागा. सी ड्राइव्ह लाल झालाय का? लग्नाचे व्हिडिओ आणि व्हॉट्सअ‍ॅपचे गुड मॉर्निंग दुसऱ्या ड्राइव्हवर हलवा. डिस्क क्लीनअप चालवा.

पुढे नेट. घरी वायफाय नसेल तर पीसी कुणाच्या तरी फोनच्या हॉटस्पॉटवर चालतो. सेटिंग्जमध्ये ते कनेक्शन ‘मीटर्ड’ असेल, तर विंडोज तुमचा डेटा वाचवायला अपडेट रोखून धरतं. बिचाऱ्याचा दोष नाही! तेवढ्यापुरतं ते बंद करा.

तरीही हलत नसेल तर अर्धवट उतरलेली फाइल घशात अडकलीय. आधी सेटिंग्जमधला ट्रबलशूटर चालवा. नाही जमलं, तर सर्व्हिसेसमध्ये ‘विंडोज अपडेट’ आणि ‘बॅकग्राउंड इंटेलिजंट ट्रान्स्फर’ या दोन्ही थांबवा. सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरमधल्या ‘सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्युशन’ फोल्डरचं नाव बदला आणि पीसी रीस्टार्ट करा. विंडोज नवं फोल्डर बनवून कोऱ्या पाटीवर सुरुवात करतं. घरच्या फोटोंना, फाइल्सना धक्का लागत नाही.

नेटच रडकं असेल? मग पेन ड्राइव्ह. अपडेटच्या यादीत ‘केबी’ने सुरू होणारा नंबर दिसतो. तो टिपून पुण्याला या आणि मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगमधून ती फाइल उतरवा. विंडोजचं व्हर्जन, ३२ बिट की ६४ बिट, हे जुळवून घ्या. महिन्याच्या मुख्य अपडेटमध्ये मागची दुरुस्तीही असते, त्यामुळे बहुतेक वेळा एकाच फाइलवर भागतं. घरून चिवड्याचा डबा येतो, तुमच्याकडून अपडेट जाईल. फिट्टंफाट!

दोन ठिकाणी मात्र हे सगळं करून उपयोग नाही. एक, पीसी जोडणाऱ्याने ‘विंडोज फुकट टाकून दिलं’ असेल तर. अशा कॉपीत अपडेट अनेकदा मुद्दामच बंद केलेलं असतं. दोन, विंडोज ७ किंवा १० असेल तर. ७ ची मुदत १४ जानेवारी २०२० ला संपली, १० ची १४ ऑक्टोबर २०२५ ला. १० साठी नंतर वाढीव सुरक्षा अपडेट होते, पण त्यासाठी वेगळी नोंदणी लागायची. विंडोज ११ ला टीपीएम २.० चिप आणि त्यामानाने नवा प्रोसेसर हवा, जुन्या पीसीत ते नसतं. अशा मशीनवर उबंटू टाका आणि ब्राउझिंगपुरतं वापरा, किंवा नव्याचं बजेट काढा. तोवर बँकेचं काम त्यावर नको.

हे बाबांना स्पष्ट सांगा. ‘‘अजून चालू राह्यला ना!’’ असं ते म्हणतीलच. पीसी चालू असणं आणि सुरक्षित असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजावणं हाच या वीकएंडचा खरा टास्क. सेल बदलणं सोपं आहे हो!