न्यायमंदिरांतील ज्योतिषी

मुलीच्या लग्नांत पत्रिका पाहूं नये, असें आवेशानें सांगणारे सुशिक्षित गृहस्थ आमच्या ओळखींत पुष्कळ आहेत. पण खुनाच्या खटल्यांत एखाद्या मनोवैद्यानें "हा मनुष्य पुन्हां खून करील" अशी साक्ष दिली, तर तिला भविष्यकथन म्हणावें असें यांपैकीं एकासही वाटत नाहीं. तें शास्त्र होय, असें ते म्हणतात. या शास्त्राची थोडी उलटतपासणी करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

अमेरिकेंतील टेक्सास राज्यानें १९७३ सालीं एक कायदा केला. देहदंड देण्यापूर्वीं ज्यूरीनें एका प्रश्नाचें उत्तर द्यावें, असें त्यांत ठरलें: हा आरोपी पुढेंही हिंसक गुन्हे करून समाजास सतत धोका देत राहील, असा संभव आहे काय? गुन्हा घडला कीं नाहीं, हें ठरविणें न्यायालयाचें कामच आहे. पण जें घडलेंच नाहीं त्याचा पुरावा आणावयाचा कोठून? तो पुरविण्यास डॉलसचे डॉ. जेम्स ग्रिगसन सदैव तयार असत. थॉमस बेअरफुट यानें एका पोलिसाचा खून केला होता. त्याच्याविरुद्ध ग्रिगसन यांनीं व आणखी एका मनोवैद्यानें साक्ष दिली. दोघांनींही त्यास तपासलेलें नव्हतें. वकिलानें एका काल्पनिक मनुष्याचें वर्णन करावें आणि डॉक्टरांनीं त्याचें भविष्य वर्तवावें, असा तो प्रकार. ग्रिगसन यांनीं तर आपली खात्री शंभर टक्के असल्याचें सांगितलें. निदान जन्मवेळ तरी विचारणारा आमच्या आळींतील जोशी यांहून चौकस म्हणावयाचा!

प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें, तेव्हां अमेरिकन मनोवैद्यांच्या संघटनेनेंच तेथें निवेदन केलें कीं, दूरच्या काळांतील हिंसेविषयीं मनोवैद्यांनीं केलेल्या तीन भाकितांपैकीं दोन चुकतात. तरीही १९८३ सालीं न्यायालयानें बहुमतानें ठरविलें कीं, अशी साक्ष घेण्यास हरकत नाहीं. खरेंखोटें ज्यूरी निवडील. १९८४ सालीं बेअरफुटचा देहदंड अमलांत आला. ग्रिगसन यांस संघटनेनें काढून टाकलें तें १९९५ सालीं. याच डॉक्टरांनीं १९७७ मध्यें रँडल ॲडम्स हाही पुन्हां जीव घेईल, असें शपथेवर सांगितलें होतें. ॲडम्सची शिक्षा रद्द होऊन तो १९८९ सालीं सुटला. मूळ खून त्यानें केलाच नव्हता. पहिला खून न करणाऱ्याच्या दुसऱ्या खुनाची ही ग्वाही!

यावर असें उत्तर मिळतें कीं, हा एका उतावळ्या डॉक्टराचा दोष. आतां मोजमापाचीं साधनें निघालीं आहेत. निघालीं आहेत हें खरें. १९९५ सालीं कॅनडांत प्रथम प्रसिद्ध झालेली एच. सी. आर.-२० ही २० मुद्द्यांची यादी पूर्वायुष्याचे १०, सद्यःस्थितीचे ५ व पुढील परिस्थितीचे ५ मुद्दे तपासावयास लावते. सुटलेल्या मनुष्याचें व्यसन, औषधोपचार, राहतें घर यांची काळजी कशी घ्यावी, हें ठरविण्यास ती उपयोगी पडते, व त्या कामीं आम्ही तिचें स्वागतच करूं. पण दुर्मिळ गोष्टीचें भाकीत करतांना गणित आडवें येतें. समजा, १००० बंद्यांपैकीं ५० जण पुढें हिंसा करणार आहेत आणि आमची कसोटी दहांत आठ वेळां अचूक ठरते. त्या ५० पैकीं ४० सांपडतील. परंतु उरलेल्या ९५० निरुपद्रवी माणसांपैकींही १९० जणांवर धोकादायक म्हणून शिक्का बसेल. एकूण शिक्के २३०, खरे ४०. न्यूयॉर्कमध्यें १९६६ च्या एका निकालामुळें ९६७ 'धोकादायक' वेड्यांस कडेकोट इस्पितळांतून साध्या इस्पितळांत हलवावें लागलें. मोठा हाहाकार होईल अशी सर्वांस धास्ती होती. चार वर्षांत शेंकडा तीनही परत कडेकोट बंदोबस्तांत गेले नाहींत.

हें सारें सातासमुद्रांपलीकडचें म्हणून वाचकांनीं स्वस्थ बसूं नये. आमच्या सर्वोच्च न्यायालयानें १९८० च्या बच्चनसिंग खटल्यांत जवळजवळ टेक्सासचेच शब्द घेतले. मात्र ते उलटे फिरविले. आरोपी पुढें धोका होणार नाहीं हा संभव दयेचें कारण ठरला, आणि तो तसा नाहीं हें सिद्ध करण्याचा भार सरकारवर आला. २०२२ च्या मनोज खटल्यांत, आरोपीचा मानसिक अहवाल सरकारनें खटल्याच्या वेळींच सादर करावा, असा आदेश झाला. हेतु उदार आहे, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. पण "पश्चात्ताप दिसत नाहीं, सुधारणेस वाव नाहीं" अशा दोन ओळी त्याच अहवालांत उतरल्या, तर तोच दोर होतो. फांशीच्या छायेंत बसलेला, परक्या भाषेंत प्रश्न ऐकणारा मनुष्य गप्प राहिला, तर तो निगरगट्टपणा कीं भीति?

मग नराधमांस मोकळें सोडावें काय, असें कोणी डोळे वटारून विचारील. देहदंड टळला म्हणजे तुरुंगाचें दार उघडतें, असें त्यास कोणीं सांगितलें? जन्मठेप आहेच. आमचें मागणें याहून पुष्कळ लहान आहे. अशा प्रत्येक अहवालाच्या माथ्यावर तो लिहिणारानें नोंदवावें कीं, आपण बंद्याजवळ किती तास बसलों, कोणत्या भाषेंत बोललों, त्याच्या घरच्या कोणाकोणास भेटलों, आणि याआधीं आपण ज्यांस धोकादायक ठरविलें त्यांच्यापैकीं कितीजण खरोखरच तसे निघाले.