रुपयामागची ऊर्जा, टनामागची ऊर्जा

कारखान्यांचा ऊर्जावापर सुधारतो आहे हे पटवायला एकच आकडा पुढे केला जातो : रुपयाभर उत्पादनामागे लागणारी ऊर्जा. तो वर्षागणिक घटतो, म्हणून आनंदीआनंद. हा आकडा किती फसवा आहे, ते कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या एखाद्या फाउंड्रीतही कळते. कालपर्यंत कच्चे कास्टिंग विकणारा आज तेच मशीनिंग करून विकतो. किंमत वाढली, रुपयामागची ऊर्जा घटली. लोखंड वितळायला मात्र पूर्वीइतकीच धग लागते. मग वाचले काय?

दुसरा दावा यंत्राचा. कोकवरचा कपोला गेला, विजेची इंडक्शन भट्टी आली, म्हणजे बचत झालीच! भट्टीचे गुण मला मान्य आहेत : धूर कमी, कोकमधले गंधक लोखंडात उतरत नाही, हवी ती ग्रेड नेमकी जमते. ऊर्जेचा हिशेब निराळा. कपोल्यात टनामागे साधारण 120 ते 150 किलो कोक जळतो, म्हणजे 1000 युनिटांच्या आसपासची उष्णता. इंडक्शनला 600 युनिट पुरतात खरे. पण कोळशाच्या वीजकेंद्रात उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा विजेत उतरतो. 600 चे 1800 झाले. शिरोलीचा धूर चंद्रपूरच्या धुराड्यातून निघू लागला, एवढेच.

मोजायची ती टनभर चांगल्या कास्टिंगमागची युनिटे. 2012 मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या ‘पॅट’ या ऊर्जाबचत योजनेने सिमेंट-पोलादाच्या बड्या कारखान्यांना टनामागचेच लक्ष्य दिले. लहान फाउंड्र्या त्यातून सुटल्या. लोखंड ओतण्याइतके तापवायला शास्त्राप्रमाणे टनाला सुमारे 400 युनिट लागतात, भट्टी 600 खाते. वितळलेल्या रसातला 40 टक्के भाग रनर-रायझरमध्ये, म्हणजे साच्यातल्या रसाच्या वाटांमध्ये, जाऊन पुन्हा भट्टीत आला, की 1000. त्यातून 10 टक्के माल रिजेक्ट झाला, की 1100 च्या वर. शिवाय साचे तयार नाहीत म्हणून रस ताटकळत ठेवलेला, झाकण बाजूला पडलेले, भट्टीच्या लालभडक तोंडातून उष्णता थेट छताकडे, आणि मीटर पळतोच आहे. नव्या भट्टीआधी मोल्डिंग आणि मेल्टिंगचे वेळापत्रक जुळवले तर जास्त वाचेल, असे माझे मत. (वेळापत्रकावर अनुदान मिळत नाही, ही गोष्ट वेगळी.)

लहान कारखान्याला हे मोजमाप झेपत नाही, ही नेहमीची सबब. भट्टीच्या पॅनेलवर मीटर असतो, माल वजन होऊनच गेटबाहेर पडतो. उरतो एक भागाकार. तो मांडून दाखवल्याशिवाय ऊर्जाबचतीच्या नावावरचा एक पैसाही सरकारने सोडू नये.