बिबट्याची उचलबांगडी आणि उसातली माणसे

जुन्नर, आंबेगाव, शिरूर या तालुक्यांत बिबट्याने माणूस मारला की गावकरी रस्त्यावर उतरतात, पुढारी भेटीस येतात आणि वनखाते पिंजरे लावते. गावकऱ्यांचा संताप न्याय्यच आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात मुलांसह तीन जीव गेले. तेथे सहजीवनाचा उपदेश करणे निर्दयपणाचे ठरेल. परंतु ‘बिबटे धरा आणि दूर नेऊन सोडा’ ही मागणी मान्य झाली म्हणजे काय होते, याचा अनुभव याच भागाने पूर्वी घेतलेला आहे.

१९९३ ते २००१ या काळात जुन्नर वनविभागात माणसांवरील हल्ल्यांची सरासरी वर्षाला ४ होती. पुढे धरलेले बिबटे सरासरी ३९ किलोमीटरांवरील जंगलांत सोडण्याचा सपाटा सुरू झाला, आणि २००१ ते २००३ या काळात ही सरासरी १७ वर गेली! विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातील हे आकडे आहेत. बिबट्या आपला मुलूख धरून राहणारा प्राणी आहे. पिंजऱ्यात कोंडलेले, माणसांच्या गराड्यात बिथरलेले जनावर अनोळखी रानात सोडले की ते तेथे थांबेलच असे नाही. ‘आजोबा’ या नावाने ओळखला गेलेला बिबट्या २००९ साली माळशेज घाटात सोडला होता. तो सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोचला. इकडे रिकाम्या झालेल्या मुलखात दुसरा बिबट्या येतो, तो वेगळाच.

याउलट चित्र अकोले तालुक्यात दिसले. दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे असलेल्या त्या शेतीप्रदेशात १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले. कुत्री आणि पाळीव जनावरे हे त्यांचे मुख्य भक्ष्य. दिवसा उसात पडून राहायचे आणि वस्ती निजली की बाहेर पडायचे, असा त्यांचा क्रम. ही केवळ बिबट्याची रीत नव्हे. सहा खंडांतील ६२ सस्तन प्राण्यांच्या नोंदी एकत्र करून २०१८ साली काढलेला निष्कर्ष हाच की, माणसाचा वावर वाढला तसे प्राणी अधिकाधिक निशाचर झाले आहेत.

आता प्रश्न असा की, रात्र बिबट्याने घेतली असता त्या रात्री रानात कोणाला धाडले जाते? शेतीपंपाला वीज रात्रीची मिळते, म्हणून दारे धरायला शेतकरी अंधारात उभा राहतो. ऊसतोड जोडपे पहाटेच कोयता घेऊन निघते आणि पाचटाच्या कोपीत लेकरे निजलेली असतात. कोपीला दार नाही, आडोशाला शौचालय नाही. तोड जसजशी पुढे सरकते तसतसा बिबट्याचा आसरा तुटत जातो आणि पिल्ले उघडी पडतात. त्या वेळी मादीच्या सर्वांत जवळ असतो तो हा मजूरच. कुकडीच्या पाण्यावर ऊस उभा राहिला, साखरेचा पैसा झाला; त्यातला जिवाचा धोका मात्र भूमिहीनाच्या वाट्यास आला. कारखान्यांच्या ताळेबंदात या धोक्याची नोंद नसते, हे अर्थशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याला कळावे.

माणसावर वारंवार हल्ला करणारे जनावर ठरवून काढावेच लागेल. तेथे भावविवशता नको. पण सरसकट उचलबांगडीच्या घोषणेमागे कार्यकर्त्यांनी धावू नये. शेतीपंपाला दिवसा वीज, आणि गाळप सुरू होण्यापूर्वी प्रत्येक तोडवस्तीवर दार असलेला निवारा, दिवे, शौचालये व पाळणाघर, या मागण्या घेऊन मोर्चा वनखात्याबरोबरच कारखान्याच्या संचालक मंडळावरही नेला पाहिजे.