सूर नाकातून निसटतो तेव्हा...

रात्रीची शांत वेळ. अमिताभ बाहेर बसून माउथ ऑर्गन वाजवतोय आणि समोर ठाकूरच्या हवेलीत जया भादुरी एकेक दिवा मालवतेय. १९७५ सालच्या 'शोले'तला हा प्रसंग कोण विसरेल? पडद्यावर ओठ अमिताभचे होते, सूर मात्र भानू गुप्ता यांचे. त्याच्या कितीतरी आधी, १९५८ साली 'सोलवाँ साल'मध्ये देव आनंदच्या आगगाडीतल्या गाण्याला राहुलदेव बर्मननं माउथ ऑर्गनची साथ दिली होती. १९६४च्या 'दोस्ती'तही तोच वाजवणारा!

या सुरांनी वेडावलेली पिढी आता निवृत्त झालीय. तरुणपणी राहून गेलेली हौस साठीनंतर भागवावी म्हणून कुणी मुलीकडून वाढदिवसाला माउथ ऑर्गन मागून घेतो. पहिले दोन दिवस घर डोक्यावर घेतलं जातं. तिसऱ्या दिवशी मात्र दहा मिनिटांतच गृहस्थ घामाघूम. सूर बारीक, फुसका. छाती भरून आलेली. आतून बायकोचा आवाज येतो, ''अहो, पुरे करा आता! दम लागलाय तुम्हाला.'' वय झालं, अशी मनाची समजूत घालून ते वाद्य कपाटात ठेवून देतात.

थोड्याफार फरकानं हे अनेक घरांत घडतं. दोष बिचाऱ्या वयाला आणि फुप्फुसांना दिला जातो. खरा चोर असतो चेहऱ्याच्या मध्यभागी, नाकात!

शांत बसलेला माणूस एका श्वासात साधारण अर्धा लिटर हवा घेतो. माउथ ऑर्गनमधली पितळेची पातळ पाती, म्हणजे रीड, थरथरायला एवढी हवा पुरेशी असते. पण ती सगळी रीडपर्यंत पोहोचली तर! तोंडानं फुंकताना निम्मी हवा नाकावाटे निघून गेली, तर सूर दुबळा होतो आणि वाजवणारा आणखी जोर लावतो. गळक्या बादलीत पाणी भरण्यातलाच हा प्रकार.

गळती आहे की नाही, हे ओळखणं अगदी सोपं आहे. एक सूर लांबवर वाजवत ठेवावा आणि मध्येच नाक चिमटीत धरावं. सूर एकदम मोठा, भरदार झाला, तर समजावं की इतका वेळ हवा नाकातून पळत होती. फुंकताना आणि ओढताना, दोन्ही वेळा ही परीक्षा घ्यावी.

नाकाचं दार कुठं असतं? आरशासमोर 'आ' केला, की पडजीभ लोंबताना दिसते. तिच्या वरचा टाळूचा मऊ भाग म्हणजेच हे दार. तो वर उचलला गेला की घशातून नाकाकडे जाणारा रस्ता बंद होतो. घास गिळताना तो आपोआप बंद होतो, म्हणून अन्न नाकात जात नाही. बोलताना तर हे दार सारखं उघडझाप करत असतं. गंमत पाहायची असेल तर नाक घट्ट धरून 'मामा' म्हणावं. ऐकू येतं 'बाबा'! दोन्ही अक्षरांना ओठ सारखेच मिटतात. फरक एवढाच, की 'म'ला टाळूचं दार उघडं लागतं आणि 'ब'ला बंद. म्हणजे ही कला प्रत्येकाला लहानपणापासून येतेच. वाजवताना तिची आठवण ठेवायची, इतकंच.

मग माउथ ऑर्गनवरच ती का विसरते? बासरी, सनई ही फुंकायची वाद्यं. माउथ ऑर्गन मात्र फुंकूनही वाजतो आणि हवा आत ओढूनही. मधल्या सप्तकात सा, ग, प आणि वरचा सा फुंकून वाजतात, तर रे, म, ध, नि ओढून. त्यातही ध आणि नि लागोपाठ ओढायचे. श्वास आत घ्यायचा म्हटलं की जन्माची सवय नाकाला पुढं करते. रोज प्राणायाम करणाऱ्यांची सवय तर आणखी पक्की! म्हणून ओढायच्या सुरांवर गळती जास्त आढळते.

सवय मोडायचा पहिला धडा वाद्याशिवाय घ्यावा. मिरचीचा ठेचा झोंबला की आपण 'स्स्स्' करत तोंडानं हवा आत ओढतो, तशी ओढावी. नाक धरलं आणि सोडलं तरी आवाज बदलता कामा नये. दुसरा धडा जांभईचा. जांभई येऊ लागताच टाळू मागून कमानीसारखा उचलला जातो. ती कमान तशीच ठेवून वाद्य ओठांत चांगलं आत घ्यावं आणि एकच सूर सावकाश पाच-सहा सेकंद फुंकावा, मग तेवढाच वेळ ओढावा. खांदे उचलायचे नाहीत, पोट हलू द्यायचं. जोर तर मुळीच नको; जास्त दाबानं सूर उतरतो आणि रीडही लवकर खराब होतं. नाक धरणं हे तपासण्यापुरतंच. त्याची कुबडी झाली, तर टाळू कधीच शिकणार नाही.

आता थोडं नाकाच्या बाजूनंही बोलायला हवं. काही चालींत ओढायचे सूर जास्त येतात. हवा आत साठत जाते आणि जीव कोंडतो. वाजवणाऱ्याला वाटतं दम संपला. प्रत्यक्षात छाती काठोकाठ भरलेली असते! अशा वेळी आणखी श्वास घेऊन काय होणार? दोन ओळींमधल्या विश्रांतीत टाळूचं दार मुद्दाम उघडावं आणि जादा हवा नाकानं सोडून द्यावी. मुरलेले वादक हेच करतात. दार आपल्या मर्जीनं उघडलं की तीच गळती कामाला येते.

काही पथ्यं मात्र पाळावीत. चक्कर आली तर लगेच थांबावं. दमा, हृदयविकार असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावं. पाणी पिताना ते नाकातून येत असेल किंवा बोलणंही सतत नाकात येत असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना टाळू दाखवावा. वाजवण्यापूर्वी चूळ भरावी, नंतर वाद्य तळहातावर आपटून लाळ झाडावी आणि एकाचं वाद्य दुसऱ्यानं तोंडाला लावू नये, अगदी नातवानंसुद्धा!

रोज दहा मिनिटं पुरेत. काही दिवसांनी नाक धरलं काय आणि सोडलं काय, सूर तसाच राहू लागेल. मग कपाटातल्या त्या माउथ ऑर्गनला पुन्हा बाहेर काढायला हरकत नाही. 'पुरे करा' म्हणणारा आतला आवाजच एखाद्या संध्याकाळी म्हणेल, ''अहो, ते 'शोले'तलं वाजवा ना!''