पोरांच्या टीमवर तलाव जगतो

धुळवड, पोळा, गणेश विसर्जन. सण आला की नदीकाठच्या गावांत आयांच्या पोटात गोळा येतो. वर्धा, धाम, यशोदा, वणा, बोर अशा नद्यांच्या या वर्धा जिल्ह्यात मुलांना पाण्याविषयी आपण एकच गोष्ट शिकवतो: तिकडे जाऊ नको. मुले जातातच. 14 सप्टेंबर 2021 रोजी पलीकडच्या काठावर, वरूड तालुक्यातील झुंज येथे दशक्रियेसाठी आलेल्या कुटुंबाची नाव वर्धा नदीत उलटली आणि 11 जण बुडाले. दोन्ही काठांवरची गावे त्या दिवशी हादरली. पण त्यानंतर किती शाळांनी मुलांना पोहायला शिकवले?

पूर्वी शिकवायला विहीर होती. पाठीला रिकामा डबा बांधायचा, मामाने वरून ढकलायचे, आठ दिवसांत पोरगा सूर मारू लागायचा. बोअरवेलच्या काळात विहिरींचे पाणी खोल गेले आणि ती शाळा बंद पडली. तिच्या जागी शेततळी आली. शेतकऱ्याला त्यांचा मोठाच आधार आहे, पण एकदा त्यांच्या काठावर उभे राहून पाहावे. काळे प्लास्टिक, त्यावर शेवाळाचा बुळबुळीत थर आणि सरळ उतार. पडलेल्या मुलाची बोटे कशातच अडकत नाहीत. काठ हातभर अंतरावर दिसतो, पण धरता येत नाही. नदीत वाळूउपशाने तीच गत केली आहे. गुडघाभर पाण्यातून एक पाऊल पुढे टाकले की पुरुषभर खड्डा.

देशात 2022 या एका वर्षात 38 हजारांहून अधिक माणसे बुडून गेली, असे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे आकडे सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेल्या उपायांत शाळकरी मुलांना पोहणे आणि सुरक्षित बचाव शिकवणे हा एक ठळक उपाय आहे. म्हणून आमची मागणी आहे: जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत सार्वजनिक जलतरण तलाव हवा आणि प्रत्येक तलावावर मुलामुलींची टीम हवी.

टीमचा आग्रह एवढ्यासाठी, की नुसता बांधलेला तलाव फीत कापल्यावर दोन उन्हाळे चालतो. मग मोटार जळते, फिल्टर तुंबतो, पाणी हिरवे होते आणि फाटकाला कुलूप लागते. रोज पहाटे साडेपाचला चाळीस पोरे टॉवेल घेऊन फाटकाशी उभी राहत असतील, तर ते कुलूप फार दिवस टिकत नाही. त्यांचे आईबाप नगर परिषदेत जाऊन बसतात. शिवाय टीममध्ये मोठी पोरे लहानांना घडवतात. काठ धरून पाय मारणाऱ्या आठ वर्षांच्या पोरीला तेरा वर्षांची ताई सांगते, ‘‘श्वास पाण्यात सोड, डोकं वर नको काढू.’’ रिलेत आपला टाइम चुकला तर चौघांचे नुकसान होते, हे तिला कुणी व्याख्यान देऊन शिकवावे लागत नाही. बुडणाऱ्याकडे उडी न घेता दोर फेकायचा, हेही तिथेच अंगी मुरते.

उन्हाळ्यात प्यायला पाणी नाही, तलाव कशाला, असे कुणी म्हणेल. प्रश्न रास्त आहे. 25 मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल तलावाला सुमारे चार लाख लिटर पाणी लागते. 30 बाय 30 मीटरच्या एका शेततळ्यात वीस लाख लिटरच्या आसपास मावते. तलावाचे पाणी गाळून, क्लोरीन टाकून पुन्हा वापरले जाते. रोज नवे भरावे लागत नाही.

मुलींचा विचार मात्र आधीच करायला हवा. त्या विहिरीवरही मागेच राहिल्या. स्त्री प्रशिक्षक, स्वतंत्र वेळ, कडी लागणारी कपडे बदलण्याची खोली आणि अंगभर पोहण्याच्या पोशाखाला मुभा एवढे मिळाले तर घरचे पाठवतात. शेजारच्या अमरावतीची कांचनमाला पांडे दृष्टिहीन. तिने 2017 मध्ये मेक्सिकोत जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेचे सुवर्णपदक आणले. विदर्भाच्या मुलींना पाणी परके नाही, त्यांना पाण्यापर्यंत पोहोचू दिले जात नाही.

पैशाचे म्हणाल, तर तालुका क्रीडा संकुलासाठीची मर्यादा राज्य सरकारने 2022 मध्ये एक कोटीवरून पाच कोटींवर नेली आहे. वाळू घाटांतूनही सरकारी तिजोरीत पैसा येतो. ज्या वाळूने नदीत खड्डे पडले, तिच्या पैशातून प्रशिक्षक आणि जीवरक्षकांचा पगार निघावा, ही मागणी जिल्हा नियोजन समितीने उचलून धरावी. तलाव उभे राहायला वेळ लागेल. तोवर प्रत्येक शेततळ्यात गाठी मारलेला दोर सोडायला आणि काठाला कुंपण घालायला आठवडा पुरतो. ते काम शाळांना सुट्या लागण्यापूर्वी व्हावे.